अंतर्गत ग्रीवा रोहिणी

अंतर्गत ग्रीवा रोहिणी ही मानेतून वर चढून कवटीत शिरणारी आणि मेंदूचा पुढचा व मधला मोठा भाग, डोळा व पोष ग्रंथी यांना रक्त पुरवणारी रोहिणी आहे. मानेच्या उजव्या व डाव्या बाजूला अशी एकेक रोहिणी असते. वैद्यकीय व्यवहारात ती इंटर्नल कॅरॉटिड आर्टरी या नावाने ओळखली जाते. काही मराठी पुस्तकांत रोहिणीऐवजी धमनी हा शब्द वापरून तिला अंतर्गत ग्रीवा धमनी असेही म्हटलेले आढळते. या लेखात रोहिणी हा शब्द शुद्ध रक्तवाहिनीसाठी आणि नीला हा शब्द हृदयाकडे परतणाऱ्या रक्तवाहिनीसाठी वापरला आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते, तरी विश्रांतीच्या स्थितीत शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनापैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन एकटा मेंदू वापरतो. त्याला मिनिटाला साधारण ७५० मिलिलिटर रक्त लागते आणि त्यातील बहुतांश रक्त दोन्ही अंतर्गत ग्रीवा रोहिण्यांतून येते. उरलेले रक्त मणक्यांच्या छिद्रांतून वर जाणाऱ्या दोन कशेरुका रोहिण्या आणतात. चार ते पाच मिलिमीटर व्यासाच्या या नळीला पक्षाघाताच्या चर्चेत इतके महत्त्व का येते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

नाव

कॅरॉटिड हा शब्द गुंगी किंवा बेशुद्धी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. मानेच्या दोन्ही बाजूंच्या ठोके देणाऱ्या वाहिन्या दाबल्या की प्राणी गुंगीत जातो, असे प्राचीन ग्रीकांचे निरीक्षण होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील वैद्य गेलेन याने प्राण्यांवर प्रयोग करून हे मत तपासले. रोहिणीला लागून असलेली तंत्रिकाही दोऱ्यात सापडली, तर प्राण्याचा आवाज जातो आणि तो दोष रोहिणीचा नसून तंत्रिकेचा असतो, असे त्याने दाखवले.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात कंठनाडीच्या दोन्ही बाजूंना असलेल्या चार धमन्यांचा मर्म म्हणून उल्लेख आहे. त्यांपैकी दोन नीला व दोन मन्या होत. त्यांना इजा झाल्यास मुकेपणा, स्वरविकृती आणि चव न कळणे ही लक्षणे सांगितली आहेत. मन्या म्हणजे आजची ग्रीवा रोहिणी, असे समीकरण काही आधुनिक लेखक सरळ मांडतात. मात्र सांगितलेली लक्षणे रक्तपुरवठा तुटल्याची नसून शेजारच्या तंत्रिका दुखावल्याची आहेत. त्यामुळे प्राचीन मर्म ही संकल्पना एका वाहिनीपुरती नसून त्या जागेतील सर्व रचनांची मिळून आहे, असे समजणे अधिक योग्य ठरते.

उगम

उजवी समाईक ग्रीवा रोहिणी बाहुशीर्ष रोहिणीपासून, तर डावी थेट महारोहिणीच्या कमानीपासून निघते. दोन्ही समाईक रोहिण्या मानेत वर येतात आणि स्वरयंत्राच्या थायरॉइड कूर्चेच्या वरच्या कडेशी, म्हणजे साधारणपणे मानेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या पातळीवर, प्रत्येकी दोन फाटे होतात. चेहरा, जीभ, टाळू इत्यादी भागांना रक्त देणारा फाटा म्हणजे बाह्य ग्रीवा रोहिणी आणि कवटीच्या आत जाणारा फाटा म्हणजे अंतर्गत ग्रीवा रोहिणी. फाटा फुटण्याची पातळी सर्वांत सारखी नसते. काहींत ती कंठिकास्थीच्याही वर, तर काहींत बरीच खाली असते.

बाह्य व अंतर्गत या नावांवरून विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो. उगमापाशी अंतर्गत रोहिणी ही बाह्य रोहिणीच्या मागे व बाहेरच्या अंगाला असते आणि वर जाताना ती आतल्या बाजूला वळते. नावे मानेतील जागेवरून पडलेली नाहीत, तर कोणती रोहिणी कवटीच्या आत रक्त नेते यावरून पडली आहेत. शस्त्रक्रियेत दोघींतला फरक ओळखण्याची अधिक भरवशाची खूण वेगळीच आहे. बाह्य रोहिणीला मानेत एकामागून एक शाखा फुटतात, तर अंतर्गत रोहिणीला मानेत सामान्यतः एकही शाखा नसते.

ग्रीवा कोटर आणि ग्रीवा पिंड

अंतर्गत रोहिणीच्या अगदी सुरुवातीचा भाग किंचित फुगीर असतो. त्याला ग्रीवा कोटर किंवा कॅरॉटिड सायनस म्हणतात. येथील भित्तीत रक्तदाब ओळखणारी तंत्रिकांची टोके दाट असतात. दाब वाढून भित्ती ताणली गेली की नवव्या मस्तिष्क तंत्रिकेच्या एका बारीक शाखेमार्फत मेंदूच्या तळाशी संदेश जातो आणि हृदयाची गती व रक्तवाहिन्यांचा ताण कमी केला जातो. आडव्या स्थितीतून उठून उभे राहिल्यावर बहुतेकांना भोवळ येत नाही, याचे श्रेय मुख्यतः या व्यवस्थेला आहे. उतारवयात काही व्यक्तींत ही जागा अतिसंवेदनशील होते. अशा व्यक्तीला घट्ट गळपट्टी, दाढी करताना पडलेला दाब किंवा मान एकदम वळवणे एवढ्यानेही मूर्च्छा येऊ शकते. दोन्ही बाजूंच्या मानेतील ठोके एकाच वेळी दाबून नाडी पाहू नये, असे प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणात सांगतात, त्याचे कारणही हेच आहे.

दोन फाट्यांच्या बेचक्यात काही मिलिमीटरांचा एक लालसर तपकिरी पुंजका असतो. तो ग्रीवा पिंड होय. रक्तातील ऑक्सिजन घटला की तो ते ओळखतो आणि श्वसनाचा वेग वाढवणारे संदेश पाठवतो. त्याची सूक्ष्म रचना पाहून तो रक्ताचा रासायनिक कस घेणारा अवयव असावा, असे स्पॅनिश शास्त्रज्ञ फर्नांडो दे कास्त्रो यांनी १९२० च्या दशकात सुचवले. श्वसनाच्या नियमनातील ग्रीवा कोटर व महारोहिणी यांच्या यंत्रणांचा शोध लावल्याबद्दल बेल्जियमचे कॉर्नेय हेमान्स यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मानेतील मार्ग

मानेत ही रोहिणी ग्रीवा आवरण नावाच्या तंतुमय म्यानातून वर जाते. तिच्या बाहेरच्या अंगाला अंतर्गत कंठ नीला आणि दोघींच्या मधल्या खाचेत, थोडी मागे, दहावी मस्तिष्क तंत्रिका म्हणजे प्राणेशा तंत्रिका असते. मागच्या बाजूला मानेच्या वरच्या तीन मणक्यांचे आडवे प्रवर्ध आणि अनुकंपी तंत्रिका साखळी असते. आतल्या बाजूला ग्रसनीची भिंत असते. खालच्या भागात बारावी तंत्रिका, म्हणजे जिभेची हालचाल घडवणारी अधोजिव्ह तंत्रिका, तिला समोरून ओलांडते. त्याच्या वर द्विपिंडी स्नायूचा मागचा भाग तिच्यावरून जातो. आणखी वर बाह्य व अंतर्गत रोहिण्यांच्या मधून शर प्रवर्ध, त्यापासून निघणारा ग्रसनीचा स्नायू आणि नववी तंत्रिका जाते. कवटीच्या तळाशी पोचताना नीला तिच्या मागे येते आणि नववी ते बारावी या चार मस्तिष्क तंत्रिका थोड्या अंतरापुरत्या या दोन वाहिन्यांच्या मधे दाटीने असतात. या जागी गाठ झाली, तर आवाज बसणे, गिळताना ठसका लागणे आणि जीभ एका बाजूला वळणे ही लक्षणे एकत्र दिसतात, ती यामुळेच.

टॉन्सिलच्या मागे व बाहेर, साधारण अडीच सेंटिमीटरवर ही रोहिणी असते. प्रौढांत हे अंतर पुरेसे असते, परंतु रोहिणी नागमोडी असेल किंवा तिला वेटोळे पडले असेल, तर ते बरेच कमी होते. क्वचित ती ग्रसनीच्या मागच्या भिंतीखाली येते आणि घसा तपासताना तेथे ठोके दिसतात. असा उंचवटा गळू समजून कापणे प्राणघातक ठरू शकते. लहान मूल तोंडात पेन्सिल, टूथब्रश किंवा काडी धरून पळताना पडले, तर त्या वस्तूचे टोक टाळूच्या बाजूच्या मऊ भागातून या रोहिणीवर आदळू शकते. तोंडातली जखम किरकोळ दिसते, रक्तही लवकर थांबते, परंतु आतल्या अस्तराला झालेल्या इजेवर गुठळी धरून काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी अर्धांगाची लक्षणे दिसू शकतात. ही घटना विरळ आहे, तरी बालरोगतज्ज्ञ अशा मुलावर लक्ष ठेवायला सांगतात.

भागांची विभागणी

मानेपासून मेंदूपर्यंतच्या वाटेत ही रोहिणी हाड, नीलांचे जाळे, मेंदूची आवरणे आणि मेंदूजल अशा निरनिराळ्या परिसरांतून जाते, म्हणून तिचे भाग पाडून वर्णन करण्याची पद्धत आहे. १९३८ साली फिशर यांनी रक्तवाहिनीच्या क्ष-किरण चित्रांवरून कवटीतील रोहिणीचे पाच भाग पाडले. गाठींमुळे रोहिणी कशी सरकते हे दाखवणे हा त्यांचा हेतू होता आणि त्यांनी क्रमांक रक्ताच्या प्रवाहाच्या उलट दिशेने दिले होते. १९९६ साली बूतिये व सहकाऱ्यांनी मांडलेली सात भागांची पद्धत आज सर्वाधिक प्रचलित आहे. तिच्यात क्रमांक प्रवाहाच्या दिशेने आहेत : ग्रीवा, शंखास्थीतील, विदीर्ण रंध्रावरील, कॅव्हर्नस, क्लिनॉइड, नेत्र आणि संयोजी भाग. जुन्या ग्रंथातील चौथा भाग आणि नव्या अहवालातील चौथा भाग एकच समजण्याची चूक त्यामुळे सहज होते. शस्त्रवैद्यांच्या काही गटांत याहून वेगळ्या विभागण्याही वापरात आहेत.

हाडातून जाणारा भाग

कवटीच्या तळाला, कंठ नीलेच्या रंध्राच्या पुढे, शंखास्थीच्या कठीण भागात ग्रीवा नलिका नावाचा बोगदा उघडतो. रोहिणी त्यात शिरून आधी सरळ वर जाते आणि मग जवळजवळ काटकोनात वळून पुढे व आत जाते. तिच्याभोवती बारीक नीलांचे आणि अनुकंपी तंत्रिकांचे जाळे असते. वळणाच्या मागे व वर अंतर्कर्णातील शंकूच्या आकाराचा श्रवणाचा अवयव असतो, तर मध्यकर्ण आणि रोहिणी यांच्यामध्ये हाडाचा अगदी पातळ पापुद्रा असतो. इतक्या जवळून रक्त वाहत असूनही आपल्याला त्याचा आवाज सहसा ऐकू येत नाही. रोहिणी अरुंद होऊन प्रवाह खळाळू लागला किंवा मधले हाड विरळ झाले, तर मात्र नाडीच्या तालावर कानात आवाज येऊ लागतो. असा तालबद्ध कर्णनाद साध्या कर्णनादापेक्षा वेगळा मानून त्याची स्वतंत्र तपासणी करतात.

काही थोड्या लोकांत ही रोहिणी जन्मतःच वाट चुकून थेट मध्यकर्णातून जाते. कानाच्या पडद्याआड लालसर उंचवटा दिसतो. त्याला गाठ समजून तुकडा काढायला गेल्यास जबर रक्तस्राव होतो, म्हणून अशा उंचवट्याला हात लावण्यापूर्वी सीटी स्कॅन करणे आवश्यक मानले जाते.

बोगद्यातून बाहेर पडल्यावर रोहिणी विदीर्ण रंध्राच्या वरून जाते. कोरड्या कवटीत हे मोठे भोक दिसते आणि रोहिणी त्यातूनच वर येते असा समज होतो, परंतु जिवंतपणी हे रंध्र तंतुमय कूर्चेने बुजलेले असते. रोहिणी त्यातून जात नाही, त्याच्या छतावरून जाते. परीक्षेत विचारला जाणारा हा जुना प्रश्न आहे.

कॅव्हर्नस भाग

जतूकास्थीच्या दोन्ही बाजूंना मेंदूच्या कठीण आवरणाच्या, म्हणजे दृढतानिकेच्या, दोन थरांमध्ये नीलारक्ताने भरलेली पोकळी असते. तिला कॅव्हर्नस सायनस म्हणतात. अंतर्गत ग्रीवा रोहिणी या पोकळीच्या आतून जाते. शुद्ध रक्ताची मोठी वाहिनी नीलारक्ताने वेढलेली असावी, अशी रचना मानवी शरीरात इतरत्र आढळत नाही. येथे रोहिणी आधी वर, मग पुढे आणि पुन्हा वर अशी वळते. बाजूने घेतलेल्या चित्रात ही वळणे इंग्रजी एस अक्षरासारखी दिसतात आणि त्यांना पुढच्या वळणासह कॅरॉटिड सायफन म्हणतात.

डोळ्याला बाहेर वळवणारी सहावी तंत्रिका या पोकळीच्या आत, रोहिणीला बाहेरून चिकटून जाते. तिसरी, चौथी आणि पाचव्या तंत्रिकेच्या पहिल्या दोन शाखा पोकळीच्या बाहेरच्या भिंतीत असतात. रोहिणी येथे फुगली तर बहुधा सहाव्या तंत्रिकेवर आधी दाब पडतो आणि एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. आतल्या बाजूला पोष ग्रंथी, म्हणजेच पिट्यूइटरी, असते. या भागातून निघणाऱ्या बारीक शाखा पोष ग्रंथीचा मागचा खंड, दृढतानिका आणि शेजारच्या तंत्रिका यांना रक्त देतात.

डोक्याला जोराचा मार लागून रोहिणीची भित्ती येथे फाटली, तर रक्त बाहेर न सांडता आसपासच्या नीलारक्तात शिरते. उच्च दाबाचे रक्त उलट दिशेने डोळ्याच्या नीलांत जाते. डोळा पुढे येतो, लाल होतो, नाडीच्या तालावर उडतो आणि त्यावर स्टेथॉस्कोप ठेवल्यास घरघर ऐकू येते. बाहेरून पाहणाऱ्याला हा डोळ्याचा आजार वाटतो, परंतु दोष डोळ्यामागच्या रोहिणीत असतो. या विकारावर पूर्वी मानेतील रोहिणी बांधत असत. मॉस्कोचे शस्त्रवैद्य फ्योदर सेर्बिनेन्को यांनी रक्तवाहिनीतून सोडता येणारा सुटा फुगा वापरून असे भोक बुजवण्याची पद्धत विकसित केली आणि १९७४ साली तिचे अनुभव प्रसिद्ध केले. कवटी न उघडता मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर उपचार करण्याच्या आजच्या शाखेचा हा एक आरंभबिंदू मानला जातो.

नाकाच्या मागे असलेल्या जतूक कोटराच्या बाजूच्या भिंतीवर या रोहिणीचा उंचवटा दिसतो. तेथील हाड पातळ असते आणि काहींत एखाद्या जागी ते नसतेच. पोष ग्रंथीच्या गाठी नाकातून दुर्बिणीने काढताना शस्त्रवैद्याला ज्या अपघाताची सर्वांत अधिक भीती असते, तो याच भिंतीतून रोहिणीला इजा होण्याचा. हीच जवळीक संसर्गातही घातक ठरते. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रासह भारतभर म्युकरमायकोसिसचे, म्हणजे बोलीभाषेतील काळ्या बुरशीचे, रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. ही बुरशी रक्तवाहिन्यांच्या भित्तीत घुसते. नाकाच्या कोटरांतून ती डोळ्याच्या खोबणीत व कॅव्हर्नस सायनसमध्ये पोचली, की अंतर्गत ग्रीवा रोहिणीत गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. त्या काळात जबडा किंवा डोळा काढण्याचे जड निर्णय वेळ न दवडता का घ्यावे लागले, हे शरीररचनेच्या या तपशिलावरून समजते.

दृढतानिकेच्या आतील भाग आणि शाखा

कॅव्हर्नस सायनसच्या छतापाशी दृढतानिकेची दोन कडी रोहिणीला वेढतात. त्यांच्यामधला तोकडा भाग म्हणजे क्लिनॉइड भाग. वरचे कडे ओलांडले की रोहिणी मेंदूभोवतीच्या द्रवाने भरलेल्या अवकाशात येते. हे कडे व्यवहारात फार महत्त्वाचे आहे. त्याच्या खाली रोहिणीला आलेला फुगा फुटला तर मेंदूभोवती रक्तस्राव होण्याचा संभव कमी असतो. वरचा फुगा फुटला तर रक्त थेट मेंदूच्या पृष्ठभागावर पसरते. शिवाय कवटीतील रोहिण्यांची भित्ती शरीरातील त्याच आकाराच्या इतर रोहिण्यांपेक्षा पातळ असते आणि तिच्यात बाह्य लवचिक पडदा नसतो.

कडे ओलांडताच बहुधा नेत्र रोहिणी निघते आणि दृष्टितंत्रिकेबरोबर डोळ्याच्या खोबणीत जाते. तिचीच एक बारीक शाखा दृष्टिपटलाला रक्त देते. मानेतील रोहिणीच्या थरातून सुटलेला कण या वाटेने गेला, तर एका डोळ्यापुढे पडदा उतरल्यासारखा अंधार होतो आणि काही मिनिटांत तो निवळतो. दुखत काहीच नसल्याने अनेक जण याकडे दुर्लक्ष करतात. प्रत्यक्षात ती येऊ घातलेल्या पक्षाघाताची पूर्वसूचना असू शकते. याच भागातून पोष ग्रंथीच्या देठाला व दृष्टितंत्रिकांच्या छेदनस्थानाला रक्त देणाऱ्या ऊर्ध्व शाखाही निघतात.

त्यापुढे पश्च संयोजी रोहिणी निघून मागच्या रक्ताभिसरणाला जोडली जाते. ती निघते त्या कोनात रोहिणी-विस्फार, म्हणजे भित्तीचा फुगा, होण्याचे प्रमाण बरेच असते. तिसरी तंत्रिका शेजारूनच जात असल्याने फुगा वाढताना पापणी पडते आणि बाहुली मोठी होते. अचानक डोकेदुखीबरोबर ही खूण दिसल्यास वैद्य तिला आणीबाणी समजतात.

यानंतरची अग्र कोरॉइड रोहिणी आकाराने लहान, पण तिचे क्षेत्र मोलाचे. हातापायांना आज्ञा नेणारे तंतू मेंदूच्या ज्या अरुंद पट्ट्यातून खाली उतरतात, त्याच्या एका भागाला ती रक्त देते. ती बंद पडल्यास विरुद्ध बाजूचा अर्धांगवायू, बधिरता आणि अर्ध्या दृष्टिक्षेत्राचा लोप ही तिन्ही लक्षणे होऊ शकतात. १९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकन शस्त्रवैद्य अर्विंग कूपर यांच्या हातून कंपवाताच्या एका रुग्णात ही रोहिणी चुकून फाटली आणि त्यांना ती बांधून शस्त्रक्रिया थांबवावी लागली. रुग्ण शुद्धीवर आला तेव्हा अर्धांग झालेले नव्हते आणि कंप थांबला होता. कूपर यांनी नंतर हाच उपाय मुद्दाम करून पाहिला, परंतु परिणामांचा भरवसा नसल्याने तो मागे पडला. या रोहिणीचे क्षेत्र माणसामाणसांत किती बदलते, हे त्यातून दिसून आले.

दृष्टितंत्रिकांच्या छेदनस्थानाच्या बाहेरच्या अंगाला ही रोहिणी अग्र व मध्य मस्तिष्क रोहिणी या दोन शाखांत विभागून संपते. मध्य मस्तिष्क रोहिणी अधिक जाड व प्रवाहाच्या अधिक सरळ दिशेत असल्याने वाहत आलेल्या गुठळ्या बहुधा तिच्यात जातात. हात व चेहरा यांची हालचाल आणि बहुतेकांत डाव्या बाजूला वाणीची केंद्रे याच शाखेवर अवलंबून असतात.

विलिस वलय

दोन्ही बाजूंच्या अंतर्गत ग्रीवा रोहिण्या व मागील अभिसरण संयोजी रोहिण्यांनी जोडले जाऊन मेंदूच्या तळाशी एक वलय तयार होते. इंग्लंडचे टॉमस विलिस यांनी १६६४ साली प्रसिद्ध केलेल्या मेंदूवरील ग्रंथात त्याचे वर्णन व कार्य स्पष्ट केले. ग्रंथातील आकृत्या पुढे वास्तुकार म्हणून ख्यातनाम झालेल्या क्रिस्टोफर रेन यांनी काढल्या होत्या. विलिस यांनी एका मृत माणसाची हकीकत दिली आहे. त्याची एका बाजूची ग्रीवा रोहिणी पूर्ण बंद झाली होती, तरी हयातीत त्याला पक्षाघात झालेला नव्हता. त्याच बाजूची कशेरुका रोहिणी मात्र पुष्कळ रुंदावलेली आढळली.

पुस्तकातील आकृतीसारखे सर्व बाजूंनी पूर्ण व सारख्या जाडीचे वलय प्रत्यक्षात अनेकांत नसते. एखादा दुवा दोऱ्यासारखा बारीक असतो किंवा नसतोच. त्यामुळे एकच रोहिणी हळूहळू बंद पडली असता एका माणसाला काहीच कळत नाही, तर दुसरा कायमचा अंथरुणाला खिळतो. एका बाजूची रोहिणी बांधण्यापूर्वी तिच्यात काही वेळ फुगा फुगवून रुग्णाचे बोलणे व हालचाल पाहतात, ती चाचणी यासाठीच असते.

गर्भावस्थेतील वाढ व भेद

गर्भात तिसऱ्या महारोहिणी-चापापासून समाईक रोहिणी आणि अंतर्गत रोहिणीचा आरंभीचा भाग तयार होतो. उरलेला भाग पृष्ठीय महारोहिणीच्या डोक्याकडील टोकापासून बनतो. आरंभी मेंदूच्या मागच्या भागालाही ग्रीवा रोहिणीच तात्पुरत्या जोडवाहिन्यांमार्फत रक्त देते आणि त्या वाहिन्या थोड्याच दिवसांत विरून जातात. त्यांपैकी एखादी प्रौढपणीही टिकून राहते. सर्वांत अधिक आढळते ती त्रिमूल रोहिणी, हजारात एक ते सहा जणांत. एका बाजूची अंतर्गत ग्रीवा रोहिणी मुळातच न बनणे अत्यंत विरळ आहे. अशा वेळी हाडातील ग्रीवा नलिकाही बनलेली नसते. रोहिणी जन्मतःच नव्हती की नंतर बंद पडली, हे त्यावरून ठरवता येते.

विकार

ग्रीवा कोटराच्या बाहेरच्या भिंतीलगत रक्ताचा प्रवाह मंदावतो व भोवऱ्यासारखा फिरतो. मेद साचून रोहिणी अरुंद करणारा रोहिणी-विलेपी विकार नेमका तेथेच मूळ धरतो. उच्च रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह आणि रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल यांनी तो बळावतो. बहुतेक वेळा पक्षाघात नळी पूर्ण बुजल्यामुळे होत नाही, तर थराच्या भेगाळलेल्या पृष्ठभागावर गुठळी बनून तिचे कण वर वाहून गेल्याने होतो. मानेतील रोग आणि मेंदूतील आघात यांचा हा संबंध कॅनडाचे मिलर फिशर यांनी १९५१ साली ठसठशीतपणे मांडला. युरोपीय वंशाच्या रुग्णांत हा विकार मानेत अधिक, तर भारतीयांसह आशियाई रुग्णांत कवटीतील रोहिण्यांत तुलनेने अधिक आढळतो. त्यामुळे मानेचे डॉप्लर चित्र निर्दोष आले म्हणून भारतीय रुग्णाची तपासणी तेथेच थांबवणे बरोबर नाही.

रोहिणी-विदरण हे तरुण व मध्यम वयातील पक्षाघाताचे एक मोठे कारण आहे. यात अस्तराला चीर पडून रक्त भित्तीच्या थरांत शिरते. अपघात, मानेला बसलेला झटका आणि कधी क्षुल्लक ताण एवढेही निमित्त पुरते. केशकर्तनालयात मालिशनंतर मान झटक्याने वळवून कट्कन आवाज काढण्याची प्रथा आपल्याकडे आहे. मानेच्या अशा झटक्यांनंतर विदरण झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, जरी त्यांत कशेरुका रोहिणीचा वाटा अधिक असला तरी. अंतर्गत रोहिणीच्या विदरणात मान किंवा डोळ्यामागे दुखते, त्या बाजूची पापणी किंचित उतरते आणि बाहुली लहान होते. रोहिणीला वेढून वर जाणारे अनुकंपी तंतू ताणल्याचा हा परिणाम आहे. चेहऱ्यावर घाम आणणारे बहुतेक तंतू बाह्य रोहिणीबरोबर जात असल्याने घाम येणे बहुधा कायम राहते.

जपानमध्ये प्रथम ओळखल्या गेलेल्या मोयामोया विकारात दोन्ही रोहिण्यांची वरची टोके हळूहळू अरुंद होतात आणि भोवती बारीक वाहिन्यांचे जाळे वाढते. क्ष-किरण चित्रात ते धुराच्या लोटासारखे दिसते, म्हणून १९६९ साली हे जपानी नाव रूढ झाले.

तपासणी व शस्त्रक्रिया

जिवंत माणसाच्या मेंदूतील रोहिण्या प्रथम १९२७ साली लिस्बन येथे एगास मोनिझ यांनी पाहिल्या. ग्रीवा रोहिणीत क्ष-किरण अडवणारे द्रावण टोचून त्यांनी ही चित्रे घेतली. मोनिझ यांना १९४९ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते या कामासाठी नव्हे, तर मेंदूचे तंतू कापण्याच्या, आज त्याज्य ठरलेल्या शस्त्रक्रियेसाठी. त्याच वर्षी जपानमध्ये जून वाडा यांनी एका बाजूच्या ग्रीवा रोहिणीत गुंगीचे औषध सोडून मेंदूचा केवळ तो अर्धा भाग काही मिनिटे निद्रिस्त करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. भाषेचे केंद्र कोणत्या बाजूला आहे हे अपस्माराच्या शस्त्रक्रियेपूर्वी ठरवण्यासाठी ती अनेक दशके वापरली गेली. आता पहिली तपासणी डॉप्लर सोनोग्राफीने होते आणि पुढची सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीने.

अरुंद रोहिणी उघडण्याच्या शस्त्रक्रिया १९५० च्या दशकात सुरू झाल्या. १९५१ साली ब्वेनोस आइरेस येथे कारेया व सहकाऱ्यांनी, १९५३ साली ह्यूस्टन येथे मायकेल डिबेकी यांनी आणि १९५४ साली लंडन येथे ईस्टकॉट, पिकरिंग व रॉब यांनी त्या केल्या. प्रथम कोण, हा वाद कोणती शस्त्रक्रिया मोजायची आणि ती केव्हा प्रसिद्ध झाली यावर अवलंबून आहे. शस्त्रक्रियेचा खरा उपयोग किती, हे मात्र चार दशकांनी ठरले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील चाचणीत आधी लक्षणे दिसलेले आणि रोहिणी ७० ते ९९ टक्के अरुंद असलेले रुग्ण घेतले होते. दोन वर्षांत त्या बाजूचा पक्षाघात केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी २६ टक्के, तर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ९ टक्के रुग्णांना झाला. लक्षणे नसलेल्या रुग्णांत हा लाभ बराच कमी असतो, आणि औषधे सुधारल्यापासून तो आणखी वादाचा विषय झाला आहे. शस्त्रक्रियेऐवजी जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसवण्याचा पर्यायही काही रुग्णांत वापरतात. पूर्ण बंद झालेली रोहिणी सहसा उघडत नाहीत.

इतर प्राण्यांत

शेळी, मेंढी, गाय या प्राण्यांत प्रौढपणी अंतर्गत ग्रीवा रोहिणीचा मानेतील भाग जवळजवळ नष्ट झालेला असतो. त्यांच्या मेंदूला बाह्य रोहिणीच्या शाखांतून, कवटीच्या तळाशी असलेल्या बारीक वाहिन्यांच्या दाट जाळ्यामार्फत रक्त मिळते. गेलेनने हे जाळे जनावरांत पाहिले आणि ते माणसातही असते असे लिहून ठेवले. सुमारे तेराशे वर्षे ते माणसाच्या शरीराचा भाग म्हणून शिकवले गेले. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेरेंगारिओ दा कार्पी यांनी अनेक शवे तपासूनही आपल्याला ते सापडले नाही असे लिहिले. १५४३ साली आंद्रेआस व्हेसेलियस यांनी माणसात ते नाही असे स्पष्ट केले. पूर्वी आपण स्वतःही मेंढीचे डोके जवळ ठेवून विद्यार्थ्यांना ते दाखवीत असू, अशी कबुली त्यांनी दिली आहे.